ओट्यामागची स्टेपनी

"वहिनी, स्टेपनी एकटीनं खाली काढून दाखवा, मंग खुशाल जावा," असं माझा धाकटा दीर फोनवर म्हणाला आणि मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणायची. डॉक्टर म्हणाले, यांना जरा फिरवून आणा, मन रमेल. बरं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, रोज शंभर वेळा चेंडू दाबायला लावा. बरं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे सल्ले सगळे बाहेरून यायचे. आणि बाहेरच्या माणसाला बरं म्हटलं की तो लवकर आपल्या घरी जातो, एवढं मी पाहुण्यांच्या खोल्या चालवून शिकले होते.

दीर माणगावला असतो. पंचवीस वर्षं मालाचा टेंपो चालवतोय. आमच्या गाडीला हे 'कॅरॅव्हॅन' म्हणायचे आणि बाकीची आळी 'बिऱ्हाडगाडी' म्हणायची. ती घेऊन मी यांना दहा दिवस तळकोकणात नेणार होते. बागमांडल्याच्या जेटीवरून पलीकडे उतरायचं आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून मालवणपर्यंत. चालवणार मी. हे शेजारी बसणार, कारण यांचा उजवा हात आणि उजवा पाय फाल्गुनात गेले ते अजून परत आले नव्हते, आणि बोलणं एकदोन शब्दांवर येऊन अडकलं होतं.

"वाटेत चाक बसलं तर दादा उतरनार हाय का?" दीर म्हणाला. "त्या रस्त्याला अर्ध्या ठिकानी फोन लागत न्हाय. जी स्टेपनी हाताला येत न्हाय ती स्टेपनी न्हाय, ओझं हाय. मी रविवारी येतो. तुम्ही काढायची, मी बघायचं. न्हाय जमलं तर जायाचं न्हाय, गाडी देऊन टाकू. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

गिऱ्हाईक म्हणजे माणगावच्या एसटी स्टँडजवळ भजी-वडे विकणारा एक माणूस. त्याला गाडीतलं स्वयंपाकघर फार आवडलं होतं.

त्या स्वयंपाकघराबद्दल सांगायलाच हवं. हे रोह्याकडच्या एका कंपनीत फिटर होते, शेवटी फोरमन झाले. नोकरी संपल्यावर दिवेआगरला वाडीत कायमचे राहायला आले, आणि दोन महिन्यांत सुपाऱ्या मोजून कंटाळले. मग कुठल्याशा शाळेची जुनी, पिवळी, बाकं काढलेली गाडी घेऊन आले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्या पत्र्याच्या डब्याला पहिल्या दिवसापासून यांनी कॅरॅव्हॅन म्हटलं. दोन वर्षं खपले. झोपायला फळ्यांची खाट, कपड्यांना कपाट, डोक्यावर पंखा. आणि मागचं दार उघडलं की ओटा. बाहेर उभं राहून स्वयंपाक करता येईल असा, वर पत्रा ठोकलेला, शेगडीला जागा, छोटं बेसिन, त्याचं पाणी जायला नळी. ओट्यासाठी यांनी माझं माप घेतलं होतं. "सरळ उभी राहा," म्हणाले आणि जमिनीपासून कमरेपर्यंत टेप लावली.

तोवर बावीस वर्षं मी पाहुण्यांना रांधून घालत होते. शनिवारी मोदक, रविवारी सुरमई, सकाळी घावणे, आणि "काकू, जरा सोलकढी अजून मिळेल का?" मी म्हटलं, "अहो, फिरायला जायचं आणि तिथेही मीच भाकऱ्या थापायच्या?" हे मनापासून हसले. "अगं, तुझ्या हातचं सोडून बाहेरचं कोण खाईल?" ही माझी स्तुती आहे असं यांना वाटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटलं.

फाल्गुनात धुळवडीच्या सकाळी हे पंपापाशी पडले. मी शेजाऱ्यांना हाक मारली, यांना गाडीतल्या खाटेवर झोपवलं आणि अलिबागला नेलं. गाडी मी त्याच गाडीवर शिकले होते, शेजारी बसून हे ओरडायचे आणि मी क्लच सोडायची. त्या दिवशी शेजारून कोणी ओरडत नव्हतं, आणि मला काही वाटतही नव्हतं. पुढे लोक म्हणाले, काय धीराची बाई. धीर कसला! घाईत काही सुचत नाही, नंतर वाटेल, असं मला वाटलं होतं. पण नंतरही काही वाटलं नाही. यांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. आमच्या खोल्या बंद ठेवल्या. सख्खी मावशी वारली, माणगावला जाऊन आले, सगळ्या बायका रडत होत्या आणि मी त्यांना पाण्याचे तांबे नेऊन देत होते. आमटीत मीठ दोनदा पडलं तरी माझ्या जिभेला कळायचं नाही, यांचं तोंड वाकडं झालं की कळायचं. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. माझ्या घरात तर कोणी मेलंही नव्हतं.

तेव्हा ही सहल माझ्यासाठी नव्हतीच. यांच्यासाठी होती. आजारपणाच्या आधी यांनी एका वहीत रस्ता काढून ठेवला होता. कुठे मुक्काम, कुठे जेटी, कुठे गोडं पाणी. रोज संध्याकाळी ती वही मी यांच्या मांडीवर उघडून ठेवायची आणि विचारायची, "इथे जायचं ना?" हे डाव्या हाताचं बोट एखाद्या गावावर टेकवायचे. मी गावावर खूण करायची आणि वही मिटायची. असं करत करत कार्तिक आला.

रविवारी सकाळी यांचं सगळं आवरून मी यांची चाकाची खुर्ची अंगणात आणली. माडाखाली आमच्याकडे कोणी कोणाला बसवत नाही, म्हणून पडवीच्या कडेला, गाडीचा मागचा भाग नीट दिसेल अशी ठेवली. शेजारी सुपारी वाळत घातली होती. म्हटलं, "आता बघा तुमच्या बायकोची फजिती." यांनी डावी भुवई वर केली. ती अजून वर जायची.

गाडीत स्टेपनी कुठे असते हे मला माहीत होतं. मागच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली, एका साखळीला आडवी लटकलेली. बंपरच्या वर एक वाटोळं भोक असतं, त्यात लांब सळईचं हँडल घालायचं आणि उलटं फिरवायचं, की साखळी सैल होते आणि चाक खाली येतं. दिराने हे फोनवर तीनदा सांगितलं होतं. मी गोणपाट पसरलं, डोक्याला फडकं बांधलं आणि गाडीखाली सरकले.

आणि कपाळाला हात लावला. स्टेपनी साखळीला तर होतीच, शिवाय तिला दोराने बांधलेलं होतं. चांगले दहा-बारा वेढे, जाळीवाल्यांच्या निळ्या नायलॉनच्या दोराचे, आणि दर दोन वेढ्यांनी एक गाठ.

आमच्या गावाबाहेरच्या माणसाला हे वेड कळायचं नाही. त्या जून महिन्यातल्या वादळाने आमची अर्धी वाडी आडवी केली आणि दोन खोल्यांचे पत्रे उचलून तिसऱ्या वाडीत टाकले. तेव्हापासून आळीतला प्रत्येक पुरुष दोर घेऊन फिरतो. पाण्याची टाकी बांधलेली, अंगणातलं बाकडं बांधलेलं, गॅसचा सिलिंडर बांधलेला. आमच्या शेजाऱ्यांनी तर तुळशीवृंदावनाला वेढा मारलाय. यांनी बंदरावरच्या एका होडीवाल्याकडून गाठी शिकून घेतल्या आणि मग काही विचारू नका. पण स्टेपनी? गाडीच्या पोटाखाली, साखळीला टांगलेली? वादळ तिथे रांगत शिरून चाक चोरून नेईल अशी यांना भीती होती की काय, देव जाणे.

मी गाठी सोडायला लागले. आमच्या घरात दोर कापायचा नाही, सोडायचा, हा यांचा कायदा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक गाठीत खुपसायचं, हलवायचं, एक पदर ओढायचा. वरून माती डोळ्यांत पडत होती. तीन गाठी सुटायला अर्धा तास गेला, नखं मोडली, मग मी बाहेर सरकले आणि कोयती घेऊन आले.

"नको," खुर्चीवरून आवाज आला. मग बराच वेळ तोंड हलवून, "सोड."

हात गेला, पाय गेला, वाचा गेली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. "तुम्ही या खाली आणि सोडा," मी म्हटलं, आणि उरलेले वेढे एका दमात कापले. असं मी यांना कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, मी पुढच्या कामाला लागले.

पुढचं काम म्हणजे हँडल घालणं. मी गाडीच्या मागे उकिडवी बसले आणि भोक शोधायला लागले. बंपरच्या वर भोक नव्हतं. भोक असायला हवं होतं तिथे ओट्याची फळी होती. ओट्याखालची पुढची उभी फळी, भांडी पडू नयेत म्हणून लावलेली, ती सरळ बंपरपर्यंत खाली उतरली होती. मी मोबाइलचा उजेड टाकून खालून वाकून पाहिलं. भोक होतं. फळीच्या मागे चार बोटांवर, आणि त्याच्या तोंडावरून बेसिनची नळी गेलेली. हँडल आत जायला कुठूनही वाट नव्हती. तिरपं घालून पाहिलं, खालून घालून पाहिलं. जाईना.

मी तशीच जमिनीवर बसले. माझ्या डोक्यात गोष्टी एकामागून एक सावकाश यायला लागल्या. ओटा झाल्यावर आम्ही या गाडीने दोनदा बाहेर गेलो होतो. एकदा हरिहरेश्वर. एकदा ताम्हिणी घाट, भर धुक्यात, पुढचं वळण दिसत नव्हतं आणि मी विचारलं होतं, इथे चाक गेलं तर? हे शीळ घालत म्हणाले होते, "मी आहे ना." त्यानंतरचे आठ महिने मी यांना घेऊन याच गाडीने अलिबागच्या फेऱ्या मारत होते. आणि मागे लटकलेलं पाचवं चाक निघणारच नव्हतं. आणि हे तर फिटर. ज्या माणसाला घरातल्या प्रत्येक नटाचा नंबर पाठ, त्याला हे दिसलं नसेल?

मी वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

यांनी वाळत घातलेल्या सुपारीकडे पाहिलं. "माहीत होतं का तुम्हाला?" मी पुन्हा विचारलं.

"होतं," हे म्हणाले. आठ महिन्यांत इतका स्वच्छ शब्द यांच्या तोंडून निघाला नव्हता.

आणि मला राग आला. पोटातून, कानशिलं तापेपर्यंत. मी उभी राहिले आणि भर अंगणात ओरडायला लागले. घाटात शीळ घालत होतात! मला शेजारी बसवून! मी आहे ना, म्हणे! आणि मी एकटी तुम्हाला मागे घालून अलिबागला जाताना कार्ल्याची खिंड चढत होते तेव्हा? तेव्हा कोण होतं? बोलता येत होतं तेव्हा का नाही बोललात? शेजारच्या वाडीत कोणीतरी पाण्याचा पंप बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मी थांबले नाही. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही.

मी दमले तेव्हा हे म्हणाले, "ओटा." मग थांबले, गिळलं, आणि, "तुझा."

मला कळलं. ओटा पुरा झाल्यावर, पत्रा ठोकून, मला उभी करून दाखवून झाल्यावर यांना भोक झाकलं गेल्याचं लक्षात आलं असणार. आणि मग माझ्यासाठी मापाने केलेला ओटा यांना कापवला नसणार. आज नको, उद्या बघू. मग स्टेपनीला दोर बांधून टाकला असणार, निदान पडायला तरी नको म्हणून. माझ्या नवऱ्याचं प्रेम नेहमी अशाच वस्तूंतून यायचं, आणि त्या वस्तू नेहमी वाटेत यायच्या.

"मी मागितला होता का ओटा?" मी विचारलं.

मी आत जाऊन यांचं ड्रिल मशीन आणलं.

फळीवर वाटी ठेवून पेन्सिलीने गोल काढला, आणि गोलाच्या कडेने एकाला लागून एक भोकं पाडत गेले. मग छिन्नी लावून हातोडीचे चार घाव घातले आणि मधला तुकडा आत पडला. नळी ओढून काढली. बेसिनचं पाणी आता कुठे जाईल याचा विचार करण्याची माझी इच्छा नव्हती. उजेड टाकला तर भोक समोर होतं. हँडल आत गेलं, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा कुठेतरी बसलं. फिरवायला गेले तर हलेना. खाऱ्या हवेने साखळी गंजली होती. पुन्हा खाली सरकून डिझेल ओतलं, चेहऱ्यावर सांडलं, बाहेर येऊन यांना पाणी पाजलं, टोपी सारखी केली, पुन्हा हँडल धरलं. अंगाचा सगळा भार टाकला. कट् असा आवाज झाला आणि ते फिरलं. मग फिरतच गेलं. चाक गाडीखाली टेकलं, धूळ उडाली, त्यातून उंदराने जमवलेल्या नारळाच्या शेंड्यांचं घरटं बाहेर पडलं. मी साखळीच्या टोकाची पट्टी तिरपी करून चाकातून काढली, चाक बाहेर ओढलं आणि उभं केलं.

हवा कमी होती, पायपंपाने भरली. मग उगाचच ते चाक अंगणातून ढकलत विहिरीपर्यंत नेलं आणि परत आणलं. नेलं कशाला, ते मला सांगता येणार नाही. चाक आडवं टाकून त्यावर बसले. हात काळे, गुडघे सोललेले, तोंडाला डिझेलची चव. आणि मला भूक लागली होती. कामाच्या नादात काहीतरी पोटात ढकलायचं, तशी ती नव्हती. मला ऑम्लेट-पाव खायचा होता. कुठल्यातरी अनोळखी बंदरावर, टपरीवरच्या बाकड्यावर बसून, दुसऱ्या कोणीतरी केलेला, कांदा जास्त घातलेला. उजव्या हाताला समुद्र हवा होता. मला जायचं होतं. मन रमवायला, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं काहीही नाही. मला स्वतःला जायचं होतं, आणि ते इतकं जोरात वाटलं की मी घाबरून यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडेच बघत होते.

दीर बाराच्या सुमारास आला, हातात नारळ. गाडी बाहेर काढायची तर आमच्यात आधी वेशीवरच्या देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पुढच्या चाकाशी नारळ फोडतात. म्हणजे मला जमेल असं त्याने धरलंच असावं, नाहीतर नारळ कशाला आणेल? पण त्याने मला काही सोडलं नाही. ओट्याचं भोक पाहिलं, जीभ चावली, मग म्हणाला, "आता परत चढवा. परत काढा." मी चाक चढवलं, परत काढलं. या वेळी चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्याने चाकावर एक लाथ मारून पाहिली.

"व्हय. जावा," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. खुर्चीपाशी जाऊन त्याने यांच्या डाव्या हातात नारळ ठेवला. "दादा, वहिनीनं बाजी मारली बघ. चल, नारळ फोडून घेऊ. परवा तू मालवणला!"

यांनी नारळ मांडीवर घट्ट धरून ठेवला. "नको," म्हणाले.

"काय नको?"

"मालवण. नको." डावा हात नारळावरून उचलून यांनी आधी गाडीकडे केला, मग स्वतःकडे. "मी. नाय."

दीर हसला. मग समजावायला लागला. दादा, अरे तुझंच सपान ना ते, अरे वहिनीनं तुझ्यासाठी गाडीखाली जाऊन हे केलं. हे मान हलवत राहिले. कपाळावर घाम आला. शब्द जुळवताना यांना घाम यायचा. "लोक," हे म्हणाले. "उचलतात." मग बऱ्याच वेळाने, "बघतात."

मी जेटीवरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणला. गाडी बोटीवर चढताना शेजारच्या सीटवरून यांना उतरवायचं, चार अनोळखी पोरांनी काखेत हात घालून उचलायचं, सगळी बोट बघतेय. नंतर बाथरूम. दहा दिवस, दिवसातून पाच वेळा. कंपनीत चाळीस माणसं यांच्या हाताखाली होती. मी हे सगळं आधी डोळ्यांपुढे आणायला हवं होतं. माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, कारण मी घरी यांना रोज उचलायची आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"मग रोज वहीवर बोट का ठेवत होतात?" मी विचारलं.

"तू," हे म्हणाले. "विचारायचीस."

म्हणजे आठ महिने हे माझं मन मोडू नये म्हणून बोट ठेवत होते, आणि मी यांचं मन राखावं म्हणून खुणा करत होते. कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी त्या चाकावर परत बसले. दिराने नारळ यांच्या मांडीवरून उचलला आणि पडवीत ठेवला.

"मंग मिटलं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दादाला न्हाय जायाचं तर न्हाय. मी त्या भजीवाल्याला सांगतो. गाडी घेऊन जाईल बिचारा."

"मला जायचंय," मी म्हटलं.

दिराला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "दादा न्हाय म्हनतोय, वहिनी."

"हे राहतील. मी जाते. चार दिवस. तुम्ही आणि जाऊबाई इथे येऊन राहा. यांचं सगळं कसं करायचं ते मी लिहून देते."

"एकल्या?" दीर म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघून मला हसू आलं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी. "असं कसं? दादाला असं टाकून? लोक काय म्हनतील?"

मला त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. उत्तर ज्याने द्यायचं तो माणूस खुर्चीत होता. मी यांच्यासमोर जाऊन, पायांशी, मातीतच बसले, म्हणजे यांना मान वर करावी लागू नये. "अहो," मी म्हटलं, "मला खूप जायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. पण मला जायचंय." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि मला अमुक हवंय असं सरळ वाक्य मी यांना बहुधा पहिल्यांदाच बोलत होते. यांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

या आजारात माणसाला लवकर रडू येतं, यांनाही यायचं, आणि मला वाटलं आता येणार आणि मग मी कुठेही जाणार नाही. पण हे रडत नव्हते. हे गाडीकडे बघत होते. चाकाशेजारी मी काढून ठेवलेला जॅक पडला होता, त्याच्याकडे यांनी डावं बोट केलं. ओठ हलायला लागले. दीर मध्ये काही बोलणार होता, त्याला मी हाताने थांबवलं.

"रेती," हे म्हणाले. मग थांबून दम घेतला. मानेवरची शीर फुगली. "रेतीत. जॅक." पुढचा शब्द काही केल्या येईना, दोनदा येता येता परत गेला, यांनी मांडीवर चापट मारली आणि तिसऱ्यांदा तो बाहेर काढला. "फळीवर. ठेव. रुततो."

दिराने मान खाली घातली. मी उठले आणि गाडीच्या आत जाऊन खाटेखाली फळी शोधायला लागले, कारण माझं तोंड त्या दोघांना दिसायला नको होतं.